बाबांचं पाणी

बाई भित्र्या आहेत हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. गॅस बंद केला की नाही ते बघायला त्या अर्ध्या वाटेवरून परत यायच्या, जिना उतरताना कठडा सोडायच्या नाहीत, आणि दाराला कुलूप लावल्यावर ते ओढून बघायच्या, मग चार पावलं जाऊन परत येऊन आणखी एकदा ओढायच्या. शाळेत तिसरीचा वर्ग त्यांच्याकडे होता. इतर वर्गांतली पोरं पडायची, कपाळाला टेंगळं आणायची, एकमेकांना पेन्सिली टोचायची. बाईंच्या वर्गात तसलं काही घडत नसे, कारण घडायच्या आधीच बाईंनी ते मनातल्या मनात घडवून पाहिलेलं असायचं. सासूबाई म्हणायच्या, भित्यापाठी ब्रह्मराक्षस; आणि आमच्या सुनेच्या पाठचा तर आता बिचारा धापा टाकत बसला असेल, असं वर जोडायच्या. बाई ऐकून घ्यायच्या. इतकी वर्षं काही वाईट झालं नाही ते आपण भितो म्हणूनच, असं त्यांचं पक्कं मत होतं.

तर अशा या बाई शनिवारी दुपारी घरी कोड्यांचा वर्ग घ्यायच्या. पैसे घ्यायच्या नाहीत, हौस म्हणून करायच्या. पुढच्या खोलीत चटई अंथरली की आजूबाजूची पोरं येऊन बसायची आणि बाई एकेकाचं पाणी जोखायच्या. सध्या मापांची कोडी चालू होती. दोन छोट्या पेल्या, एक लाल आणि एक निळी. खोकल्याच्या औषधाचं टोपण हे माप. लाल पेलीत तीन टोपणं मावतात, निळीत पाच. पेल्यांवर खुणा नाहीत, टोपण आता बाईंच्या मुठीत. चार टोपणं काढून दाखवा. अंदाजपंचे चालणार नाही. भरायचं, एकीतून दुसरीत ओतायचं, किंवा रिकामं करायचं, एवढंच करता येईल.

आता या 'रिकामं करायचं'नेच सगळा घोळ घातला. पहिल्याच दिवशी पोरांनी पेल्या फरशीवर रिकाम्या केल्या. बाईंना लगेच दिसलं, की कुणीतरी घसरणार आणि डोकं फुटणार. पुसायचं फडकं आणलं, सगळ्यांना पाय वर घेऊन बसवलं. मग मध्ये बादली ठेवली, तर तिच्याभोवती ढकलाढकली. उरलेलं परत मोठ्या भांड्यात घाला म्हणावं, तर पोरांची बोटं नाकातून निघून थेट पेलीत जाणारी; एकाची सर्दी सगळ्यांना झाली असती. उष्टं परत भांड्यात जाणार नाही, असा बाईंनी नियम केला. मग करायचं काय त्या पाण्याचं? बाईंना युक्ती सुचली. त्यांनी भांड्यात साधं पाणी ठेवायच्या ऐवजी साखरपाणी केलं आणि सांगितलं, रिकामं करायचं म्हणजे पिऊन टाकायचं.

पोरांना तर हे सोन्याहून पिवळं झालं. एकेक बिलंदर दहा-दहा वेळा पेली रिकामी करणारी उत्तरं शोधू लागला. तेव्हा आणखी एक नियम आला, की ओतणाऱ्याने प्यायचं नाही, शेजारी बसून बघणाऱ्याने प्यायचं. त्यातही कुणी हसता हसता घोट घेतला तर ठसका लागेल, श्वास कोंडेल, म्हणून शेवटचा नियम. बाई विचारणार, दुसऱ्या पेलीत किती उरलं? उत्तर बरोबर आलं की बाई म्हणणार, "चला." आणि मगच प्यायचं. बाईंच्या जिभेवर 'चला' बसलेलाच होता. वह्या काढायला चला, रांगेत उभं राहायला चला, भांडण मिटवायलाही चला. नवरा म्हणायचा, ही झोपेतसुद्धा कुणाला तरी कुठेतरी घेऊन चाललेली असते.

या वर्गात दोघी बहिणी येत. थोरली नऊ वर्षांची. तिला बाई लाडाने टीपकागद म्हणायच्या, कारण बाईंच्या तोंडून पडलेला शब्द ती जसाच्या तसा टिपायची. इतर पोरं नियमातून पळवाट काढायची. ही नियम मोडला जाईल म्हणून रडकुंडीला यायची. धाकटी चार वर्षांची, थोरलीच्या फ्रॉकचं टोक धरून फिरणारी, म्हणून ती शेपूट. शेपटीला कोड्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण शेजारी बसून बघायचं काम ती मन लावून करायची. दोन्ही हातांनी पेली धरून बाईंच्या तोंडाकडे टक लावायची आणि 'चला' ऐकलं की एका दमात पेली उपडी.

त्या शनिवारी टीपकागदानेच सगळ्यांत आधी कोडं सोडवलं. निळी भरली. निळीतून लाल भरली, निळीत उरले दोन. लाल रिकामी केली, म्हणजे शेपटीने प्यायली. निळीतले दोन लालीत ओतले, निळी पुन्हा भरली, आणि लालीत राहिलेली एकाची जागा निळीतून भरून काढली. निळीत राहिले चार. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी दोन्ही पेल्या तिला घरी न्यायला दिल्या. उद्या बाबांना करून दाखव म्हणाल्या. बाकीच्यांनाही सांगितलं, घरातल्या कुठल्याही दोन भांड्यांनी करा, घरात जे पातळ असेल ते घ्या, दूध घ्या, चहा घ्या. मोजायला सगळी पातळं सारखीच.

जाताना टीपकागद दारात घुटमळली. "बाई, बाबांचं पाणी चालेल?"

बाई गुडघ्यावर बसून चटईखालची फरशी पुसत होत्या, कुणी घसरू नये म्हणून. पाणी तर उत्तमच, असं त्या म्हणाल्या. बापाने आपल्या दुकानात प्यायला भरून ठेवलेलं पाणी असणार, दुसरं काय. पोरीने पुन्हा विचारलं, नक्की चालेल ना, आणि बाईंनी फडकं पिळता पिळता हो म्हटलं. मग दोघी गेल्या.

रविवारी सकाळी दूध गॅसवर होतं आणि नवरा इन्व्हर्टरच्या मागे लागला होता. सुट्टीच्या दिवशी त्याला घरातली चालती वस्तू दुरुस्त करायची लहर यायची. कपाटाच्या तळातून त्याने एक जुनी पँट काढून घातली होती आणि तिच्या मांडीवर भोकंच भोकं होती. सासूबाईंनी विचारलं, उंदराने खाल्ली का रे ती? तो म्हणाला, मागच्या वेळी पाण्याचे शिंतोडे उडाले ना, तेव्हाची ही भोकं.

बाई दुधाकडे बघत होत्या. पाण्याने कशी पडतील भोकं, एवढंच त्या सहज म्हणाल्या.

"बॅटरीचं पाणी गं," नवरा म्हणाला. "म्हणायचं पाणी. असतं ते तेजाब, ॲसिड."

बाईंनी मान वळवली. पँटच्या एका भोकातून नवऱ्याची मांडी दिसत होती. टीपकागदाच्या बापाचं दुकान बॅटऱ्यांचं. गाड्यांच्या बॅटऱ्या भरतो, चार्ज करून देतो. सगळी गल्ली त्याला बॅटरीवाला म्हणते. बाबांचं पाणी.

भीतीशी बाईंची आयुष्यभराची ओळख. पण या भीतीला त्या ओळखतच नव्हत्या. एरवी त्या घाबरल्या की पुढचं सगळं चित्र डोळ्यांसमोर यायचं, पडलेलं पोर, फुटलेलं डोकं, जमलेली माणसं. आज एकही चित्र येईना. नुसता त्या पोरीचा आवाज ऐकू येत होता, नक्की चालेल ना. रिकामं करायचं म्हणजे काय ते त्यांनीच शिकवलं होतं. कुणी प्यायचं तेही त्यांनीच ठरवून दिलं होतं.

त्यांनी नवऱ्याला सांगायचा प्रयत्न केला. वाक्यं धड जुळेनात, पेल्या, शेपूट, पाणी असं काहीतरी तोंडातून निघालं. नवऱ्याने हातातला पाना खाली ठेवलासुद्धा नाही. झालं तुझं सुरू, असं तो म्हणाला, आणि मागच्याच महिन्यात एक पोर गाडीखाली आलं म्हणून तू शाळा डोक्यावर घेतलीस, ते पोर मामाकडे लाडू खात बसलेलं निघालं, याची त्याने आठवण करून दिली. कोण पोरगी तेजाब प्यायला देईल? वास नाही का येत, कळत नाही का? आणि बाप असेलच ना तिथे. वाईट माणूस नव्हता तो. लांडगा आला रे आला इतक्यांदा ऐकलं होतं, की आता त्याचा कान बधिर झाला होता. बाईंनी पोरींच्या आईला फोन लावला. ती रविवारीही शिवणाच्या कारखान्यात, तिथे फोन बाहेर ठेवून आत जावं लागतं. घंटा वाजत राहिली. बॅटरीवाल्याचा नंबर त्यांच्याकडे नव्हता, कधी लागलाच नव्हता.

त्या तशाच निघाल्या. जिना उतरताना कठड्याला हात लावला नाही हे सासूबाईंनी पाहिलं, आणि त्या पहिल्यांदा घाबरल्या. "अरे, तिच्यामागे जा," असं त्यांनी मुलाला म्हटलं, पण तोवर बाई कोपऱ्यावर पोचल्या होत्या.

रस्ता तसा जवळचा. बेकरीवरून डावीकडे, लाकडाच्या वखारीमागून पुढे, की गॅरेजांची रांग. बेकरीपाशी त्यांना दूध आठवलं. दूध गॅसवर, ज्योत मोठी, ते उतू जाणार, ज्योत विझणार, गॅस घरभर पसरणार, सासूबाई आत. इतक्या वर्षांची सवय. पाय आपोआप वळले. दोन पावलं त्या मागे गेल्याही. मग रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि एका सायकलवाल्याने त्यांना चुकवताना दोन शब्द सुनावले. घरात दोन मोठी माणसं आहेत, त्यांना नाकं आहेत, असं बाई स्वतःशी मोठ्याने म्हणाल्या आणि पुन्हा पुढे धावू लागल्या. त्यांच्या जन्मात त्यांनी गॅस असा सोडला नव्हता.

वखारीमागच्या बोळात ट्रकमधून लोखंडी सळ्या उतरवत होते. बोळ आडवा अडला होता. हमालाने हात करून थांबायला सांगितलं, सळ्या खाली येतायत, दोन मिनिटं लागतील. बाई थांबणाऱ्या. सिग्नलला कुणी नसताना थांबणाऱ्या. त्या सळ्यांखालून वाकून गेल्या. मागे हमाल ओरडला, बाई, मरायचंय का? तेव्हा एका चपलेचा अंगठा तुटला आणि ती चप्पल बोळातच राहिली.

आता त्या हिशेब करत होत्या. तसलं काही करायचं नव्हतं त्यांना, पण डोकं आपोआप करत होतं. निळी भरली. निळीतून लाल भरली. आता लाल रिकामी. तिसऱ्याच पायरीला रिकामी करावी लागते. दुसरी रीत आहे, लालीपासून सुरुवात करायची, त्यात पाचव्या पायरीला. पण टीपकागदाला पहिलीच आवडली होती, कमी पायऱ्यांची, बाईंनीच शाबासकी दिली होती. कमी पायऱ्यांत करते ती खरी हुशार, असं बाई वर्गात म्हणाल्या होत्या. देवा, तिला सावकाश करू दे. तिच्या हातून चुकू दे, सांडू दे. आजवर बाईंनी कुठल्या पोराचं उत्तर चुकावं म्हणून देवाला साकडं घातलं नव्हतं.

बॅटरीवाल्याच्या दुकानाशेजारी पंक्चरवाल्याचं दुकान. तो ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे बघत बसला होता. बाईंना एका पायाने अनवाणी येताना पाहून तो उठला. बॅटरीवाला कुठेय, बाईंनी विचारलं. गाडी बंद पडली म्हणून बोलावणं आलं, मोठ्या रस्त्यावर गेलाय, पंक्चरवाला म्हणाला. मुली आत आहेत. शहाण्या आहेत हो, सकाळपासून आवाज नाही, कसल्या तरी पेल्यांशी खेळतायत.

सकाळपासून आवाज नाही, हे बाईंनी ऐकलं मात्र. त्यांनी दुकानाची उतरण एका ढांगेत ओलांडली.

आत अंधारट होतं. भिंतीला लागून काळ्या बॅटऱ्यांची रांग, तारांची गुंतवळ, कोपऱ्यात लाकडी स्टुलावर ठेवलेला पांढरा कॅन, खाली तोटी असलेला. कॅनसमोर जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं होतं, चारी कोपरे नीट सरळ करून, बाई चटई करतात तसे. त्यावर टीपकागद मांडी घालून बसली होती, हात मांडीवर. तिच्यासमोर निळी पेली, तिच्यात थोडंसं. शेजारी शेपूट, आणि शेपटीच्या दोन्ही हातांत काठोकाठ भरलेली लाल पेली. पाण्यासारखं स्वच्छ.

प्यायलेली नव्हती. बाईंनी एका नजरेत ते पाहिलं. लाल भरलेली, निळीत दोन. तिसऱ्या पायरीवर दोघी थांबल्या होत्या. किती वेळ थांबल्या होत्या कोण जाणे. पोरी जिवंत होत्या, धड होत्या, आता फक्त त्यांना इथून उठवायचं, त्या कॅनपासून लांब न्यायचं, उन्हात. आणि बाईंच्या तोंडून, त्यांनी काही ठरवायच्या आत, तेच निघालं जे इतकी वर्षं निघत आलं होतं.

"चला," त्या म्हणाल्या. "चला, चला, बाहेर..."

शेपटीचा चेहरा उजळला. तिने पेली उचलली.

बाई ओरडल्या की नाही ते त्यांना पुढे कधीच आठवलं नाही. पंक्चरवाला सांगतो, की ओरडल्या, आणि असा आवाज त्याने माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. त्या वर्तमानपत्रावर आडव्या कोसळल्या आणि कोसळता कोसळता त्यांचा हात पेलीला लागला. पेली भिंतीवर आपटली. पाणी उडालं, बाईंच्या कोपरापासून मनगटापर्यंत, वर्तमानपत्रावर, शेपटीच्या फ्रॉकवर. शेपटीचा खालचा ओठ ओला दिसत होता. पेलीतलं लागलं होतं की तिची स्वतःची लाळ होती, हे बाईंना कळेना. त्यांनी तिला काखोटीला मारलं, टीपकागदाला दंडाला धरून फरपटत बाहेर आणलं. पंक्चरवाल्याने लगेच नळाची पाइप सोडली.

बाईंनी शेपटीचं तोंड नळाखाली धरलं. थुंक, त्या म्हणत होत्या, थुंक, गिळू नकोस, थुंक. पोर किंचाळत होती. तिला कळतच नव्हतं आपण काय केलं. बाईंनी तिचे ओठ धुतले, हनुवटी, गळा, फ्रॉक ओढून काढला, पुन्हा तोंड धुतलं. मग टीपकागदाचे हात पाण्याखाली धरले. पोरीची बोटं लालसर झाली होती. चुरचुरतंय का, बाईंनी विचारलं. सकाळपासून चुरचुरतंय, ती म्हणाली, पण मध्ये उठायचं नसतं ना. ती रडत नव्हती, नियमांचं कुठे काय चुकलं ते आठवून बघत होती.

"मी आधी दिलं नाही, बाई," ती म्हणाली. "बाबा आले की त्यांना चला म्हणायला सांगणार होते. तोपर्यंत शेपटीला थांबवून ठेवलं होतं. तिला तहान लागली तरी दिलं नाही."

बाईंनी तिची बोटं पुन्हा पाण्याखाली धरली.

"बाबा रोज म्हणतात, माझ्या पाण्याला हात लावायचा नाही. म्हणून तुम्हाला दोनदा विचारलं." मग थोडं थांबून तिने सांगितलं, "ती आपल्या मनाने पीत नव्हती. तुम्ही चला म्हणालात."

या पोरीने बापाचा नियम मोडण्याआधी बाईंची परवानगी घेतली होती. बाईंचा नियम तिने शेवटपर्यंत पाळला, आणि तो पाळल्यामुळेच शेपूट इतका वेळ सुखरूप बसून होती. दुकानात सगळं ठीक होतं. बाई येईपर्यंत सगळं ठीक होतं. हे आता कुणाला सांगायचं, आणि सांगितलं तरी कोण त्यांना दोष देणार? पंक्चरवाला तर म्हणत होता, बाई, तुम्ही वेळेवर आलात म्हणून, नाहीतर काय झालं असतं. उद्या सगळी गल्ली हेच म्हणणार होती. बाईंचा हात आता पेटल्यासारखा झोंबू लागला होता, त्यांनी तो पाण्याखाली धरला आणि तशाच उभ्या राहिल्या.

तेवढ्यात बॅटरीवाला आला, गिऱ्हाइकाच्याच गाडीतून. दारातलं पाणी, उघडी कुडकुडणारी धाकटी, बाईंचा हात, आणि आत वर्तमानपत्राला पडत चाललेली भोकं, हे त्याने एकामागून एक पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने शेपटीची हनुवटी वर करून तिच्या खालच्या ओठाकडे बघितलं. ओठावर एक छोटासा लाल ठिपका उमटला होता. आतून काही दिसत नव्हतं. गिळलंस का, बापाने विचारलं. शेपटीने मान हलवली, पण ती हो होती की नाही ते कुणालाच समजलं नाही. दवाखाना, बाप म्हणाला, आत्ता, आणि गाडीचं मागचं दार उघडून धरलं. गिऱ्हाइकाने इंजिन बंद केलंच नव्हतं.

बसा लवकर, तो म्हणाला. पंक्चरवाल्याने आपला कोरडा सदरा आणून शेपटीभोवती गुंडाळला. बाईंचा नवरा बोळातून पळत येत होता, हातात बाईंची तुटकी चप्पल, अंगात तीच भोकांची पँट. सगळी घाई चालली होती.

दोघी बहिणी मात्र हलेनात. ओल्या केसांनी, एकमेकींना चिकटून, नळापाशीच उभ्या राहिल्या. बापाने पुन्हा हाक मारली. टीपकागदाने बापाकडे बघितलं, मग बाईंकडे. तिला घाई दिसत होती. पण बाई समोर होत्या, आणि बाई समोर असताना कधी हलायचं हे बाई सांगतात. ती वाट बघत होती. शेपूटही बाईंच्याच तोंडाकडे टक लावून होती, नेहमीसारखी. फक्त या खेपेला तिने आपले दोन्ही हात स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरले होते.

"बाई," टीपकागद हळूच म्हणाली, "म्हणा ना."

बाईंनी तोंड उघडलं. शब्द जिभेवरच होता, जन्मभर तिथेच राहत आलेला. त्यांनी तोंड मिटलं. मग त्या खाली वाकल्या, भाजलेला हात लांब ठेवून दुसऱ्या हाताने शेपटीला उचललं आणि एक शब्द न बोलता गाडीत जाऊन बसल्या. टीपकागद त्यांच्या बाहीचं टोक धरून मागोमाग आली. दवाखान्यापर्यंत शेपटीने तोंडावरचे हात काढले नाहीत.